दाराशी उभा पार्षद

ग्वाल्हेरला नगरसेवक म्हणत नाहीत, पार्षद म्हणतात. लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांतही 'आपले पार्षद' असेच तोंडी येते. 'नगरसेवक' ऐकू येतो तो पुण्याहून आलेल्या पाहुण्याकडून. पार्षद म्हणजे परिषदेत बसणारा, एवढाच सरळ अर्थ. पण पुराणांतले जय-विजय हेही विष्णूचे पार्षदच, आणि त्यांची नेमणूक वैकुंठाच्या दाराशी. सनकादिक आले, या दोघांनी त्यांना अडवले, शाप घेतला आणि तीन जन्म फुकट घालवले. बाहेर कोण उभे आहे हे आत कळले नाही आणि आत काय चालले आहे हे बाहेर कळले नाही, एवढाच काय तो घोटाळा. आमच्या 66 वार्डांतले गाऱ्हाणे याहून फारसे वेगळे नाही. दाराशी माणूस आहे, पण त्याचे तोंड कुठल्या बाजूला असावे हे अजून ठरलेले नाही.

एका उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीत नळाला तीन दिवस पाणी नव्हते. एक दिवसाआड पाणी ही ग्वाल्हेरकरांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. तिघरा धरण आटले की असे होते, हे पोरांनाही ठाऊक. पण एक दिवसाआड आणि तीन दिवस यांत फरक असतो. वार्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या तीन दिवसांत एका वाढदिवसाच्या शुभेच्छा, एका गल्लीच्या सिमेंटीकरणाचे भूमिपूजन आणि हार घातलेले काही फोटो येऊन गेले. पाण्याबद्दल अक्षर नाही. चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून कळले की मुख्य वाहिनीचा व्हॉल्व्ह नादुरुस्त आहे आणि अजून दोन दिवस लागतील. त्याला पाणी सोडणाऱ्या माणसाने सांगितले होते. दोन दिवस लागतील हे ऐकून कोणीही चिडले नाही. लोकांनी टँकरची वर्गणी काढली, पाहुण्यांना फोन करून 'परवा या' म्हटले, आणि धुण्याचे ढीग तसेच ठेवले. आधीचे तीन दिवस मात्र गल्ली पेटलेली होती.

या छोट्या प्रसंगात आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. पार्षद लोकांना काहीच सांगत नाहीत, ही तक्रार खरी नाही. ते खूप सांगतात. पण सांगतात ते झालेले किंवा व्हायचे असलेले: भूमिपूजन, लोकार्पण, मंजुरी. रहिवाशाला हवे असते ते न झालेले, का झाले नाही ते, आणि कधीपर्यंत होणार नाही ते. 'नाही' ही बातमी वेळेवर कळली तर माणूस आपली सोय लावतो. आमच्या सार्वजनिक जीवनात मात्र 'नाही' सांगणे हे अपशकुनासारखे टाळले जाते.

पार्षदाची बाजू सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही, आणि ती बाजू वाटते तेवढी लंगडी नाही. 2011 च्या जनगणनेत ग्वाल्हेर शहराची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास होती. आज ती बरीच वाढली आहे. म्हणजे एका वार्डात पंधरा-सोळा हजारांहून जास्त माणसे. त्यांच्यासाठी पार्षदाकडे ना कचेरी, ना कारकून. मानधन तुटपुंजे. बैठक स्वतःच्या ओट्यावर किंवा दुकानात. फोन पहाटेपासून. आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःलाच माहिती मिळत नाही. व्हॉल्व्ह नादुरुस्त झाला हे अभियंत्याला कळते, तो वरच्याला कळवतो, वरचा आयुक्तांच्या बैठकीत मांडतो. त्या साखळीत पार्षद कुठेच नाही. त्यालाही बहुधा चहावाल्याकडूनच कळते. फरक इतकाच, की चहावाल्याला ते पुढे सांगायला संकोच वाटत नाही.

त्यात रस्ता कोणाचा हा आणखी एक गुंता. या शहरात एक रस्ता महापालिकेचा असतो, त्याला लागलेला दुसरा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, पलीकडची वसाहत विकास प्राधिकरणाची, आणि महाराज बाड्याच्या परिसरात स्मार्ट सिटीचे काम. स्वर्णरेखा नदीवरून जो उन्नत मार्ग उभा राहतो आहे त्याच्या खांबांभोवतीचा राडारोडा कोणी उचलायचा, हे विचारायला माणूस शेवटी पार्षदाच्याच दारी जातो. 2025 च्या पहिल्याच पावसात चेतकपुरीचा नवा कोरा रस्ता पुन्हा पुन्हा खचला आणि त्याचे फोटो देशभर फिरले, तेव्हा शहरातल्या प्रत्येक पार्षदाला आपापल्या वार्डातल्या रस्त्यांसाठी बोलणी खावी लागली. त्या कामाशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता त्यांनाही.

राजकारणाचा भाग तर उघडच आहे. जुलै 2022 मध्ये शोभा सिकरवार महापौर झाल्या. 57 वर्षांनंतर ग्वाल्हेरला काँग्रेसचा महापौर मिळाला. पण परिषदेत बहुमत भाजपचे आणि सभापतीही भाजपचे. मध्य प्रदेशात महापौर थेट लोकांमधून निवडला जातो, त्यामुळे असे होऊ शकते. जलविहारच्या परिषद भवनात मग जे होते ते वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचले आहे: गोंधळ, घोषणा, तहकुबी. अशा परिषदेत 'आमच्या वार्डाचे काम का अडले' हे सांगणे म्हणजे कोणाच्या तरी बाजूने साक्ष देणे होते. भाजपच्या पार्षदाने 'महापौर परिषदेने फाइल रोखली' म्हणावे, काँग्रेसच्या पार्षदाने 'आयुक्त ऐकत नाहीत' म्हणावे. दोन्ही खरे असू शकते, आणि दोन्हींतून रहिवाशाला गटार कधी साफ होणार हे कळत नाही. माहितीच्या जागी आरोप येतो. एखाद्या सरळ पार्षदाने कोणावरही न ढकलता 'यंदा पैसे नाहीत, पुढच्या वर्षी बघू' असे स्पष्ट सांगितले तर विरोधक तेच वाक्य निवडणुकीत फलकावर लावणार. आणि आपण मतदार त्या फलकाला भुलणार. पार्षदाला 'नाही' सांगायची भीती वाटते, कारण 'नाही' सांगणाऱ्याला आपण पाडतो. हे कबूल केल्याशिवाय पार्षदांवर टीका करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

काही जण म्हणतील, पार्षद हवाच कशाला? मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे ना. 2014 पासून मध्य प्रदेशात 181 हा क्रमांक आहे. तक्रार नोंदवली की ती पायरीपायरीने वरच्या अधिकाऱ्याकडे चढत जाते, आणि अधिकारी पार्षदापेक्षा या क्रमांकाला जास्त घाबरतात हे खरेच आहे. पण 181 वर तक्रार जाते एका घराची. तुंबलेले गटार माझ्या घरासमोरचे असले तरी ते तुंबले आहे तीन गल्ल्या पलीकडे. हे त्या यंत्रणेला दिसत नाही. शिवाय या राज्यात 'फोर्स क्लोज' हा शब्द भाजीवालीलाही ठाऊक झाला आहे: तक्रार सुटली नाही, पण कागदोपत्री बंद झाली. बंद का केली, हे सांगायला कोणी येत नाही. हेल्पलाइन तक्रार वर नेते. उत्तर खाली आणण्याचे काम तिला जमत नाही. तिला गल्लीचा चेहरा ठाऊक नसतो, तो पार्षदाला असतो.

दुसरा पर्याय आमच्याकडे डोळ्यांनी पाहायला मिळतो. इथले आमदार आणि राज्याचे ऊर्जामंत्री प्रद्युम्नसिंह तोमर स्वतः नाल्यात उतरतात, फावडे चालवतात, विजेच्या खांबावर चढून वेली काढतात. त्याची टर उडवणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांत नाही. मंत्र्याने चिखलात पाय घातला की दुसऱ्या दिवशी त्या भागातले कर्मचारी वेळेवर येतात, हा अनुभव आहे. पण एक नाला साफ झाल्याने बाकीचे नाले कधी साफ होणार हे कळत नाही. पावसाळ्याआधी कुठला नाला कोणत्या आठवड्यात उपसला जाईल, त्यासाठी किती माणसे आहेत, आणि कुठला यंदा राहून जाणार आहे, असा एक साधा कागद वार्डाच्या चौकात लावला तर तो फोटोत काही खास दिसणार नाही. म्हणूनच बहुधा तो लावला जात नाही.

आता उलट बाजू. माहिती देणे हे नेहमीच निर्मळ असते, असे नाही. जो पार्षद रोज दहा संदेश पाठवतो तो उरलेल्या वेळात काम कधी करतो, असा प्रश्न येतो. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी नावानिशी फिरवली की कोणाचे अर्ज फेटाळले गेले हेही जगजाहीर होते. मालमत्ता कर थकवलेल्यांची नावे ग्रुपवर टाकण्याचा मोह तर थेट सूड उगवण्याच्या वाटेवर नेतो. आणि ग्रुपचा मालक पार्षद असला की नको तो प्रश्न विचारणाऱ्याला बाहेर काढायचेही त्याच्याच हातात. तिथे वार्डाची सभा भरत नाही, पार्षदाचा दरबार भरतो. घबराटीचा मुद्दाही टाळण्यासारखा नाही. 'पाण्याला वास येतो आहे' एवढा संदेश गेला की तासाभरात बाटल्यांचे भाव चढतात, आणि तपासणीत पाणी चांगले निघाले तरी भाव उतरत नाहीत. अधिकारी म्हणतात, खात्री झाल्याशिवाय बोलू नका. या म्हणण्यात तथ्य आहे.

पण किती? डिसेंबर 2025 च्या अखेरीस इंदूरच्या भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे गेली. वर्षानुवर्षे देशातले सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून मिरवणारे इंदूर. पाण्याबद्दलच्या तक्रारी आधीपासून होत होत्या. तिथे खात्री होण्याची वाट पाहण्यात जे गेले ते परत येणारे नाही. 'पाणी उकळून प्या, तपासणी चालू आहे' हे वाक्य खात्री होण्याआधी सांगण्याचे आहे. खात्री झाल्यावर ते सांगून उपयोग नसतो. घबराट आणि इशारा यांत फरक करता येतो, आणि तो करण्यासाठीच तर मधे निवडून दिलेला माणूस असतो. वासाच्या संदेशाखाली त्याने 'नमुना आज घेतला, निकाल परवा' एवढे लिहिले तर अर्धी घबराट तिथेच बसते.

गंमत अशी, की आधी सांगणे आपल्या प्रशासनाला जमत नाही असेही नाही. सांक नदीवरचे तिघरा धरण 1917 साली, बांधून पुरते होते न होते तोच, फुटले होते. ते पुन्हा उभे राहिले, आणि विश्वेश्वरय्यांच्या स्वयंचलित दरवाजांशी त्याचे नाव जोडलेले आहे. आजही भरल्या पावसाळ्यात तिघऱ्याचे दरवाजे उघडायचे झाले की खालच्या गावांत आधी सूचना जाते. पाण्याची पातळी किती फुटांवर आहे हे वर्तमानपत्रांत छापून येते आणि लोक ते क्रिकेटच्या धावफलकासारखे वाचतात. म्हणजे धरणातून पाणी सुटणार असले तर सांगणारी साखळी तयार आहे. तेच पाणी नळातून येणार नसेल तर सांगायला कोणी नाही. पहिल्या गोष्टीत चूक झाली तर चौकशी होते. दुसरीत फक्त बादल्या रिकाम्या राहतात.

माहिती देणे कायद्याने बांधून टाकावे का? इथे आमचे मत जरा दोन पावले मागे-पुढे होते. 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे, आणि तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत वार्ड समित्या असाव्यात असे घटना सांगते. मध्य प्रदेशच्या कायद्यात मोहल्ला समितीची सोय आहे. महाराष्ट्राने 2009 मध्ये क्षेत्रसभा कायद्यात घातली. नगरसेवकाने मतदारांना बोलावून बसायचे, ऐकायचे, सांगायचे. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी आपण शेवटच्या क्षेत्रसभेला कधी गेलो होतो हे आठवून पाहावे. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने तर 2005 पासून प्रत्येक कार्यालयाला कोणी मागण्याआधी माहिती जाहीर करायला सांगितले आहे. कायद्यांची वाण नाही. मग अजून एक कलम घालून काय होणार, असे वाटते.

दुसरीकडे, केवळ स्वभावावर सोडले तर काय होते तेही दिसते. पूर्वी लष्कर भागात माहिती ओळखीवर मिळत असे. या शहराने नारायण कृष्ण शेजवलकर आणि त्यांचे चिरंजीव विवेक शेजवलकर असे मराठी महापौर पाहिले. दोघेही पुढे लोकसभेत गेले. त्या काळच्या मराठी घरांना महापालिकेत काय चालले आहे हे गणेशोत्सवात, कीर्तनाला, लग्नाच्या पंगतीत कळत असे. पण ज्याची पंगतीत ओळख नाही त्याचे काय? ढोलीबुवांच्या मठाजवळ राहणाऱ्याला जे आपसूक कळत होते ते मुरारच्या भाडेकरूला कसे कळावे? आता मराठी कुटुंबेही जुन्या वाड्यांतून सिटी सेंटरच्या सदनिकांत विखुरली आहेत, आणि या बाबतीत आम्हीही मुरारचे भाडेकरूच झालो आहोत. ओळखीने मिळणारी माहिती गोड असते खरी, पण ती मेहेरबानी असते, हक्क नसतो.

पार्षद नसले तर काय होते, हेही आम्ही भोगले आहे. मागच्या परिषदेची मुदत 2020 च्या सुरुवातीला संपली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2022 च्या आदेशानंतर जुलैमध्ये निवडणुका झाल्या. मधली अडीच वर्षे प्रशासकाची, आणि त्यातच करोना. आदेश निघत होते, पण आपल्या गल्लीपुरता त्यांचा अर्थ सांगायला कोणी नव्हते. लोक माजी पार्षदांचीच दारे वाजवत राहिले. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर मुंबई-पुण्यानेही प्रशासकाचा प्रदीर्घ अनुभव घेतला आहे, म्हणून तिकडच्या वाचकांना हे वेगळे समजवायला नको. वाईट पार्षद आणि पार्षदच नसणे यांतून निवडायचे तर आम्ही वाईट पार्षद निवडू. त्याच्या घराचा पत्ता तरी ठाऊक असतो.

तेव्हा सगळे बाजूला ठेवून आमचा कौल असा. बोलण्याची सक्ती आधी पार्षदावर नको, महापालिकेवर हवी. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला वार्डनिहाय एक पान पार्षदाच्या हातात पडले पाहिजे: चालू कामे, अडलेली कामे आणि अडण्याचे कारण, पाण्याचे वेळापत्रक, कुठला रस्ता कुठल्या खात्याचा आणि त्या खात्याचा जबाबदार अधिकारी कोण. तेच पान त्याच दिवशी वार्ड कार्यालयाच्या भिंतीवरही. असे झाले की पार्षदाला माहिती दडवून ठेवण्यात काही राहत नाही आणि 'मलाच ठाऊक नव्हते' ही सबबही राहत नाही. 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडचा न राहता कागदावरचा होतो, त्यामुळे फलकाची भीतीही कमी होते. त्यानंतर मात्र त्याने ते पान घेऊन वर्षातून निदान चार वेळा लोकांसमोर बसले पाहिजे, प्रत्यक्ष, ग्रुपवर नव्हे. ब्रिटनमध्ये नगरसेवक ठरावीक दिवशी वाचनालयात किंवा सभागृहात बसतात आणि त्या बैठकीला 'सर्जरी' म्हणतात. आमच्याकडे हा शब्द ऐकून कोणी फिरकणार नाही, म्हणून 'मोहल्ला बैठक'च बरी.

बसायचे कोणी, हाही प्रश्न आहे. राज्यात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि 'पार्षदपती' हे अलिखित पद सगळ्यांच्या ओळखीचे आहे. फोन तो उचलतो, आश्वासन तो देतो. लोकांसमोरची बैठक हा त्यावर एक अनपेक्षित उतारा ठरू शकतो. कागद हातात घेऊन शंभर लोकांना उत्तरे देणाऱ्या बाईंना पुढच्या वेळी कोणी 'भाऊसाहेबांना विचारून सांगा' म्हणणार नाही. एखाद्या वार्डात पतीराजच कागद घेऊन बसतील, हे आम्ही धरून चाललो आहोत. तिथे निदान शंभर लोकांच्या डोळ्यांदेखत बसतील.

हे सगळे पुढच्या निवडणुकीच्या आत सुरू होईल असा आमचा भाबडा समज नाही. ही परिषद आपली शेवटची वर्षे मोजते आहे आणि जाता जाता कोणी नवी सवय लावून घेत नाही. पण 66 पैकी पाच-सहा पार्षदांनी जरी पुढच्या महिन्यात आपापल्या वार्डात एखादे मंगल कार्यालय तासाभरासाठी मागितले तर ते कोणी नाकारणार नाही. सतरंज्या आम्ही देऊ. फक्त ही बैठक सकाळी नळाच्या वेळेला ठेवू नये, एक माणूस येणार नाही. आणि त्या दिवशी नळ कधी येणार आहे, हे आदल्या संध्याकाळी कळवावे.